यंत्राला धडधड कळते, खोटं नाही

रात्रीचे साडेदहा वाजलेत. हेल्मेट डोक्यावर आहे, लायसन्स खिशात आहे, पीयूसी गेल्याच आठवड्यात काढलंय. पुढच्या चौकात बॅरिकेड दिसतात आणि पोलीस शिट्टी मारून गाडी बाजूला घ्यायला सांगतो. तुमचं काहीही चुकलेलं नाही. तरीही छातीत धस्स होतं की नाही? तळहाताला घाम येतो. "कुठून आलात?" एवढ्या साध्या प्रश्नाला उत्तर देताना आवाज जरासा कापतो.

आता अशी कल्पना करा, की त्या क्षणी तुमच्या बोटांना तारा जोडल्या आहेत, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधलाय, छातीपोटाभोवती नळ्या गुंडाळल्या आहेत. आणि पडद्यावरच्या वरखाली होणाऱ्या रेषा बघून समोरचा साहेब ठरवणार आहे, की तुम्ही खून केलाय की नाही.

याला आपण पॉलिग्राफ म्हणतो. टीव्हीवाले 'लाय डिटेक्टर' म्हणतात. पॉलिग्राफ या शब्दाचा मूळ अर्थ 'एकाच वेळी अनेक नोंदी लिहिणारं' एवढाच आहे आणि हे यंत्र तेवढंच करतं. त्याला खोटं ओळखता येतं, ही आपण त्याच्यावर लादलेली समजूत आहे. प्रत्येक गाजलेल्या गुन्ह्यानंतर 'आरोपीची आज पॉलिग्राफ' अशी पट्टी फिरते, त्याखाली 'आता बाहेर येईल सत्य' अशा कमेंटी पडतात, आणि आपल्यालाही वाटतं की चला, तपास शास्त्रीय पद्धतीने चाललाय. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हे यंत्र तपासात नकोच. कोर्टात पुरावा म्हणून नको आणि 'नुसती दिशा मिळावी' म्हणूनही नको.

मोजलं काय जातं?

श्वास, रक्तदाब, नाडीचे ठोके आणि घामामुळे त्वचेच्या वीजवहनात होणारा बदल. बस. यातली एकही गोष्ट 'खोटं' नाही. खोटं बोलताना प्रत्येकाच्या शरीरात होतो आणि एरवी कधीच होत नाही, असा एकही बदल आजवर कुणाला सापडलेला नाही. भीती, लाज, राग, अपमान, झोप न झालेली रात्र, या सगळ्यांनी त्याच सुया हलतात.

मग तपासनीस खोटं 'पकडतो' कसं? गुन्ह्याच्या तपासात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत तुलनेची आहे. तुम्हाला दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. एक थेट गुन्ह्याबद्दलचा: "त्या रात्री दुकानाचं कुलूप तू तोडलंस का?" दुसरा मोघम: "आयुष्यात कधी कुणाचा विश्वासघात केलायस का?" गृहीतक असं, की निर्दोष माणूस दुसऱ्या प्रश्नाला जास्त अस्वस्थ होईल, कारण तिथे तो थोडंफार खोटं बोलतोय, आणि गुन्हेगार पहिल्या प्रश्नाला.

हे गृहीतक पुन्हा एकदा वाचा. तुमच्यावर खुनाचा आळ आहे, चार दिवस तुम्ही कोठडीत आहात, घरचे बाहेर रडताहेत. अशा वेळी "तू खून केलास का?" यापेक्षा "लहानपणी कधी खोटं बोललास का?" या प्रश्नाने तुमची छाती जास्त धडधडेल? ज्याला जन्मठेप समोर दिसतेय, त्याला कोणत्या प्रश्नाला घाम फुटेल हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

आपल्याकडे म्हण आहे, चोराच्या मनात चांदणं. पॉलिग्राफ म्हणजे या म्हणीला जोडलेल्या वायरी. म्हण म्हणून ती ठीक आहे. पण अट्टल चोराला चांदण्याचं काही वाटत नाही, आणि साधा माणूस काळोखातही दचकतो, हेही आपल्याला माहीत असतं. म्हणीवर कुणाला तुरुंगात पाठवू नये, एवढी अक्कल गावातल्या पंचांनाही होती.

खरं तर ती अक्कलही नेहमी होती असं नाही. आपल्या धर्मशास्त्रांत 'दिव्य' होतं. संशयिताला तांदूळ चावायला लावायचे. भीतीने तोंड कोरडं पडलं, तर तो दोषी. मराठेशाहीत उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा काढायचं दिव्य होतं. मग हात बांधून, मोहोर लावून ठेवायचे आणि ठरल्या दिवशी उघडून पाहायचे. रवादिव्य आज आपल्याला क्रूर वाटतं. तांदळाचं दिव्य मात्र जसंच्या तसं परत आलंय. तेव्हा तोंडाची लाळ बघायचे, आता बोटांचा घाम बघतात.

अमेरिकेचं कौतुक आणि अमेरिकेचा अनुभव

या यंत्राच्या जन्मदात्यांपैकी एक होता विल्यम मार्स्टन. रक्तदाबावरून खोटं ओळखता येतं, असा त्याचा दावा होता. खुनाचा आरोप असलेल्या एका माणसाची चाचणी घेऊन तो खरं बोलतोय, असा निर्वाळाही त्याने दिला होता. पण १९२३ मध्ये 'फ्राय विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या निकालात कोर्टाने त्याची साक्ष नाकारली. त्या विषयातल्या शास्त्रज्ञांमध्ये ही पद्धत सर्वसाधारणपणे मान्य झालेली नाही, हे त्यामागचं कारण. हाच मार्स्टन पुढे 'वंडर वुमन'चा निर्माता म्हणून गाजला. तिच्या हातातला दोर ज्याच्याभोवती पडतो त्याला खरं बोलावंच लागतं, हे तुम्ही सिनेमात पाहिलं असेल. कॉमिकमध्ये ते शोभतं. पोलीस ठाण्यात नाही.

गॅरी रिजवे हे नाव गुन्हेगारी मालिका बघणाऱ्यांना माहीत असेल. वॉशिंग्टन राज्यात ग्रीन रिव्हरच्या आसपास बायकांचे मृतदेह सापडत होते. १९८२ मध्ये एका टॅक्सीचालकाची पॉलिग्राफ झाली. तो 'नापास' झाला आणि पुढे कितीतरी काळ संशयाच्या सावलीत जगला. १९८४ मध्ये रिजवेची पॉलिग्राफ झाली. तो 'पास' झाला. त्यानंतरही त्याने खून केले. अखेर २००१ मध्ये त्याला अटक झाली ती डीएनएमुळे, आणि २००३ मध्ये त्याने ४८ खुनांची कबुली दिली. यंत्राने टॅक्सीवाल्याला पकडलं होतं आणि खुन्याला सोडलं होतं.

दुसरी गोष्ट ओहायोची. १९७८ मध्ये एका तरुणावर खुनाचा आळ आला. आपण निर्दोष आहोत, मग घाबरायचं कशाला, म्हणून त्याने अट मान्य केली: पास झालो तर सोडा, नापास झालो तर निकाल कोर्टात वापरा. तो नापास झाला. त्याला शिक्षा झाली आणि खरे गुन्हेगार सापडेपर्यंत दोनेक वर्षं तो तुरुंगात राहिला. तिथे बसून त्याने पॉलिग्राफचा अभ्यास केला आणि इतर कैद्यांना यंत्र चकवायला शिकवलं. त्याच्याच सांगण्यानुसार त्याने शिकवलेल्या २७ जणांपैकी २३ जण चाचणी पास झाले. सीआयएमधला सोव्हिएत हेर ऑल्ड्रिच एम्स तर १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वेळा पॉलिग्राफमधून सुटला आणि १९९४ पर्यंत पकडला गेला नाही.

आता कुणी म्हणेल, ही चार उदाहरणं झाली. बरोबर. म्हणून आकड्यांकडे जाऊ.

गणित

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००३ मध्ये पॉलिग्राफवरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यांनी यंत्राला सरसकट निकालात काढलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. यंत्र चकवायचं शिक्षण न घेतलेल्या लोकांमध्ये, विशिष्ट घटनेबद्दलच्या प्रश्नांवर ते छापा-काट्यापेक्षा बरंच चांगलं चालतं. पण अचूकतेपासून ते बरंच दूर आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. उपलब्ध संशोधनाचा दर्जाही त्यांना कमकुवत वाटला.

'छापा-काट्यापेक्षा बरं' हे ऐकायला ठीक वाटतं. मग एक काल्पनिक उदाहरण घ्या. हॉस्टेलमध्ये १०० मुली राहतात. एकीच्या कपाटातून सोन्याची चेन गेली. चोर एकच आहे. यंत्र ९० टक्के अचूक आहे असं उदारपणे धरू आणि सगळ्यांची चाचणी घेऊ. ती एक चोर बहुतेक पकडली जाईल. पण उरलेल्या ९९ निर्दोष मुलींपैकी साधारण १० जणीही 'नापास' होतील. म्हणजे वॉर्डनच्या हातात ११ नावांची यादी, त्यातल्या १० जणींनी काहीही केलेलं नाही. ९० टक्के अचूक यंत्राने बोट दाखवलेली मुलगी चोर असण्याची शक्यता ९ टक्क्यांच्या आसपास आली.

अकादमीच्या अहवालात असंच गणित हेरांबद्दल आहे. १० हजार कर्मचाऱ्यांमध्ये १० हेर आहेत आणि १० पैकी ८ तरी पकडायचेच, अशी चाळणी लावली, तर एकूण १,६०६ जण नापास होतील. त्यातले १,५९८ निर्दोष. आणि दोन हेर तरीही पास.

पोलीस म्हणतील, आम्ही शंभर जणांची चाचणी घेत नाही, ज्यांच्यावर पक्का संशय आहे त्यांचीच घेतो. मग प्रश्न असा, की तो पक्का संशय कशावरून आला? ठोस पुराव्यावरून आला असेल, तर यंत्राची गरज काय? आणि 'हा त्या भागात दिसला', 'ह्याच्या जातीचे लोक असलेच धंदे करतात' अशा गोष्टींवरून आला असेल, तर मग आपण पुन्हा हॉस्टेलच्याच गणितात आहोत. फक्त शंभर जणांच्या जागी ज्यांना कुणी वाली नाही अशी दहा माणसं निवडलीत, एवढाच फरक.

पुण्यात काय झालं

हे सगळं सातासमुद्रापारचं नाही. २००८ च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एमबीएच्या एका विद्यार्थिनीला तिच्या आधीच्या वाग्दत्त वराच्या विषप्रयोगाने झालेल्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. तिच्याविरुद्ध इतरही पुरावे मांडले गेले होते. पण निकालात एका नव्या चाचणीला वजन मिळालं आणि त्यामुळे तो जगभर गाजला. ही चाचणी पॉलिग्राफच्या पुढची पिढी म्हणून मिरवली जात होती: डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, डोळे मिटून बसायचं, आणि गुन्ह्याची वाक्यं प्रथमपुरुषी एकवचनात ऐकवायची. मी हे केलं, मी ते घेतलं. मेंदूतल्या विद्युतलहरींवरून म्हणे कळतं, की ही गोष्ट या व्यक्तीने नुसती ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली आहे.

विचार करा. महिनोन्‌महिने पोलीस तुम्हाला सांगताहेत, तू विष घेतलंस, तू ते त्याला दिलंस. रात्री झोपेतही तेच दृश्य डोळ्यांसमोर येतंय. मग ते वाक्य कानावर पडल्यावर मेंदू गप्प बसेल?

त्याच वर्षी बंगळुरूच्या निमहान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने या चाचणीला अशास्त्रीय ठरवलं आणि तपासात किंवा कोर्टात ती वापरू नये असं सांगितलं. त्या विद्यार्थिनीला पुढे मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा स्थगित करून जामीन दिला. ती दोषी होती की नाही, हा माझा मुद्दा नाही आणि ते मला ठरवताही येणार नाही. मुद्दा हा, की शास्त्रज्ञांनी ज्याला शास्त्र मानलं नाही, त्याला आपल्या एका न्यायालयाने जन्मठेपेच्या तराजूत टाकलं.

त्याच वर्षीचं नोएडातलं दुहेरी हत्याकांड आठवा. एक शाळकरी मुलगी आणि घरातला नोकर. पॉलिग्राफ झाल्या, नार्को झाल्या, औषधाच्या गुंगीत बोलणाऱ्या माणसांचे व्हिडिओ वाहिन्यांवर दाखवले गेले. त्या टेपांत देश ज्यांना खुनी समजून बसला, त्यांच्यावर पुराव्याअभावी आरोपपत्रसुद्धा दाखल झालं नाही. मग आईवडिलांना २०१३ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांनाही निर्दोष सोडलं. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या दिवशी पोलीस आले, घरात गर्दी झाली, आणि नोकराचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या दिवसापर्यंत पडून राहिला. गच्चीचा दरवाजा उघडून कुणी बघितलं नाही. शास्त्रीय तपास म्हणजे आधी तो दरवाजा उघडणं. ते राहिलं, म्हणून मग माणसांची डोकी उघडायला निघालो.

'पण संमती घेतात ना?'

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या निकालात स्पष्ट केलं, की संमतीशिवाय पॉलिग्राफ, नार्को किंवा मेंदूची चाचणी करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम २०(३) नुसार कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. शिवाय कलम २१ आहेच. संमतीने चाचणी झाली तरी तिचा निकाल हा पुरावा नाही. त्यातून मिळालेल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू वगैरे सापडली, तरच तेवढा भाग ग्राह्य. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वंही पाळायची: संमती न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर, वकिलाची मदत उपलब्ध, परिणामांची नीट कल्पना दिलेली. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाला हे पुन्हा सांगावं लागलं. जामिनाच्या सुनावणीत 'सगळ्या आरोपींची नार्को करू' हे पोलिसांचं म्हणणं पाटणा उच्च न्यायालयाने मान्य केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला.

कायदा चांगला आहे. पण कोठडीतली 'संमती' म्हणजे काय, ते बोलूया. पारध्याच्या पोराला उचलून आणलंय. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या; पण गावात चोरी झाली की गाडी अजून आधी पालावर जाते. त्याला विचारतात, "चाचणीला तयार आहेस ना? का काही लपवायचंय?" तो नाही म्हणाला तर संध्याकाळी बातमी: 'आरोपीचा चाचणीला नकार'. हो म्हणाला, तर पोलिसांसमोर पिढ्यान्‌पिढ्या धडधडत आलेली त्याची छाती यंत्रात उतरणार. दोन्हीकडून तोच अडकला. घरी वकील असलेला उद्योगपतीचा मुलगा शांतपणे सांगतो, "मी कलम २०(३) खालचा माझा हक्क वापरतोय." म्हणजे संमतीची ही अट कुणाचं रक्षण करते, ते उघड आहे.

'थर्ड डिग्रीपेक्षा बरं'

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त धोकादायक आहे. मारून कबुली घेण्यापेक्षा यंत्र लावणं सुसंस्कृत, असं सुशिक्षित लोकही म्हणतात. पण मारहाण हा गुन्हा आहे. एका गुन्ह्याला पर्याय म्हणून आपण दुसरी चुकीची गोष्ट का स्वीकारायची? शिवाय यंत्र मारहाणीच्या जागी येत नाही, तिच्या हातात हात घालून येतं. "मशीन सांगतंय तू खोटं बोलतोयस, आता कबूल कर" हे वाक्यच दबावाचं हत्यार आहे.

'नुसती दिशा मिळते' हेही तसंच. चुकीची दिशा ही दिशा नसल्यापेक्षा वाईट. रिजवे पास झाल्याने तो यादीत खाली गेला, हा दिशेचाच परिणाम होता. एकदा यंत्राने बोट दाखवलं, की अधिकाऱ्याचे डोळे तिकडेच लागतात आणि त्या दिशेला न जाणारा धागा सुटून जातो.

खऱ्या संशोधकांनी एक अधिक प्रामाणिक पद्धत सुचवली आहे, हे मान्य करतो. डेव्हिड लिकेन यांनी १९५९ मध्ये मांडलेली: खोटं शोधू नका, फक्त गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील संशयिताला ओळखू येतो का ते बघा. जपानचे पोलीस ती नियमित वापरतात. पण त्यासाठी तपशील गुप्त राहावा लागतो. आपल्याकडे पंचनामा संपण्याआधी चाकू कुठल्या रंगाचा होता ते ग्रुपवर आलेलं असतं आणि रात्री नऊ वाजता स्टुडिओत खुनाचं नाट्यरूपांतर झालेलं असतं. फक्त गुन्हेगाराला माहीत आहे असं उरतंच काय?

मग तपास कसा करायचा?

कोलकात्यात २०२४ मध्ये तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. तेव्हाही पॉलिग्राफच्या बातम्यांनी आठवडा खाल्ला. जानेवारी २०२५ मध्ये आरोपी दोषी ठरला, तेव्हा पुराव्यात डीएनए होता, सीसीटीव्ही होता. पॉलिग्राफच्या रेषा नव्हत्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. मागणी करायची असेल तर तिची करा. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित माणूस वेळेत पोचू दे, घटनास्थळाला पायाखाली तुडवणं थांबू दे, नमुने नीट सील होऊन वेळेवर प्रयोगशाळेत जाऊ देत. हे काम कंटाळवाणं आहे. त्याची पट्टी फिरत नाही, त्याचं रील होत नाही. पण खुनी त्यानेच सापडतात.

आणि एक काम आपलं आहे. पुढच्या वेळी 'आरोपी पॉलिग्राफमध्ये अडकला' असं वाचाल, तेव्हा फॉरवर्ड करण्याआधी थांबा. पीडितेला न्याय मिळावा म्हणूनच आपण ते फॉरवर्ड करतो, हे मला कळतं. पण चुकीचा माणूस आत गेला, तर बरोबर माणूस बाहेर असतो. ग्रीन रिव्हरच्या काठी तेच झालं. ज्या बायका १९८४ नंतर मेल्या, त्यांच्या घरच्यांना जाऊन कुणी सांगावं, की काळजी नको, त्याची चाचणी झाली होती आणि तो पास झाला होता.